सातवी टीप खोटी आहे

सहा वर्षं एक गोष्ट मी पोटात ठेवली आहे आणि मला साधं अपचनसुद्धा झालेलं नाही. झोप उडाली, भूक मेली असं काही सांगता आलं असतं तर ऐकायला बरं वाटलं असतं — पण तसं काही झालं नाही. जेवलो, झोपलो, सकाळी फिरायला गेलो. लोकांनी ‘आबा, नमस्कार’ म्हटलं की हात वर केला. ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर घराबाहेर कुणी ऐकलेली नाही. मागच्या आठवड्यात मंडळाच्या ग्रुपवर तीन वाक्यांत सांगून पाहिली, तर लोकांनी मला जोडलेले हात आणि लाल बदाम पाठवले. म्हणजे नाहीच सांगितली.

स्मरणिकेच्या संपादकबाईंनी माझ्याकडे ‘गेमिंगच्या टिपा, भाग दुसरा’ मागितला आहे. दोन पानं राखून ठेवली आहेत म्हणाल्या. त्या दोन पानांसाठी हे लिहितो आहे. छापायचं की नाही ते त्यांचं त्या बघतील.

मी एकाहत्तर वर्षांचा आहे. सरकारी कारखान्यात तपासनीस होतो. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंत दोष काढायचा आणि त्याचाच पगार घ्यायचा, असं माझं आयुष्य गेलं. भागाला मापाचा गेज लावायचा. बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. कारागीर समोर उभा राहून कितीही गयावया करो, मी वर बघत नसे. याला मी सचोटी म्हणत असे. काय असतं हो माणसाचं — ज्या गोष्टीत त्याला मजा येते, तिलाच तो सचोटी म्हणतो.

लॉकडाउनच्या वर्षी आमच्या मराठी मंडळाचं गणेशोत्सवातलं नाटक होणं शक्य नव्हतं. तरुण मंडळींनी डोकं लढवलं आणि बृहन्महाराष्ट्रातल्या पाच-सहा मंडळांची मिळून कंप्युटर गेमची स्पर्धा ठेवली. जुन्या लोकांनी कुरकुर करू नये म्हणून नाटकाच्या स्पर्धेचा जुना नियम तसाच उचलला — प्रत्येक संघात साठीच्या वरचं एक माणूस असलंच पाहिजे. मी त्या संघात कसा आलो हे त्यावरून कळेल. नैपुण्य वगैरे काही नाही. नियमात बसणारा म्हातारा घरात तयार होता, इतकंच. पुढे याच मंडळाने मला ‘गेमर आबा’ केलं आणि हेडफोन लावलेला माझा फोटो छापला. फोटोत मी हसतो आहे. तो चेहरा बघून मला आता कारखान्यातला नापास माल आठवतो.

गेम कुठला, ते सोडा. पाच जण आपले, पाच समोरचे. एखादा पूल किंवा चौक ठरलेल्या वेळापर्यंत धरून ठेवायचा. प्रत्येकाचं काम वेगळं. टँक म्हणजे ढाल घेऊन सर्वांत पुढे उभा राहणारा, मार खाणारा. गोळ्या मारणारे दोन-तीन. आणि हिलर — मागे राहून जखमींवर उपचार करणारा. त्याच्या हातातून एक प्रकाशाची दोरी निघते. ती ज्याच्यावर धरली तो जगतो. हात थरथरणाऱ्या, नेम न लागणाऱ्या माणसाला सगळीकडे हिलरच देतात. मलाही तोच दिला.

आमची टँक होती मृणाल, माझी सून. अमरावतीची. इथे एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. लग्न होऊन राइट टाउनच्या आमच्या घरात आली तेव्हापासून ती कूलर लावायचा तरी ‘आबा, लावू का?’ असं विचारायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू — फार आवडायचं. आणि तीच मृणाल हेडफोन चढवला की दुसरीच बाई होई. ‘पराग, डावीकडे. निखिल, वर बघ, वर. आबा, माझ्या मागे या.’ आणि आम्ही सगळे ऐकायचो. निखिल म्हणजे माझा मुलगा, पराग म्हणजे चेरीतालचे बोकडे आहेत त्यांचा धाकटा, आणि पाचवी परागची बहीण. कर्णधार मृणाल. त्यात दुसरं नाव सुचवायचा प्रश्नच नव्हता, इतकी ती चांगली होती.

मीसुद्धा कामाला लागलो. तपासनीसाचा स्वभाव कुठे जातो? वही केली. माउसचा वेग इतका कमी ठेवला की पूर्ण गिरकी घ्यायला हात माउसखालच्या गादीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावा लागे — थरथर त्यात विरून जाते. हलताना चित्र धूसर करणारं सेटिंग बंद. संगीत शून्यावर, पावलांचे आवाज वर. शत्रूभोवतीची लाल रेघ मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसत नाही, ती पिवळी केली. साथीदारांचा किती जीव उरला ते दाखवणारी, त्यांच्या डोक्यावरची प्राणपट्टी कायम दिसेल अशी ठेवली. आणि सहावी टीप उपचाराच्या बटणाची. त्यात दोन पर्याय असतात — एकदा दाबलं की दोरी चालू राहते, किंवा बोट दाबून धरलं आहे तोवरच चालते. मी दुसरा घ्या असं लिहिलं. कारण दिलं की ताबा आपल्या बोटात राहतो.

या सहा टिपा चांगल्या आहेत. आजही वापरा. त्यांच्यात माझा दोष नाही. त्या वस्तू आहेत.

अंतिम सामना भोपाळच्या मंडळाशी होता. रविवारी दुपारी, घरातली आरती आटोपून. मोदकांचं ताट झाकून ठेवलेलं, निखिल आतल्या खोलीत, मी दिवाणखान्यात, आणि मृणाल माझ्या पुढ्यात तीन हातांवर, जेवणाच्या टेबलाशी, माझ्याकडे पाठ करून. मला तिची पाठ दोनदा दिसत होती — एकदा पडद्यावर चिलखत घातलेली, एकदा खरी, निळ्या कुर्त्यातली. हे तुम्ही ध्यानात घ्या. तिकडे लांब कुठेतरी कुणाचं तरी बाहुलं होतं, असं मला म्हणता येत नाही.

तीन फेऱ्या. पहिली आम्ही जिंकलो. दुसरीत मला हुशारी सुचली. मृणालला सोडून मी परागला वाचवायला गेलो, कारण माझ्या मते डाव त्याच्या बाजूने फिरणार होता. फिरला नाही. मृणाल मेली, मग सगळेच मेलो. तेव्हा ती म्हणाली — ओरडली नाही, घाईत होती, श्वास घेता घेता म्हणाली —

‘आबा, डोकं नका लावू. फक्त माझ्यावर धरून ठेवा.’

पराग खिदळला. ‘आबांची परेड लागली रे!’ सामना आमच्या आवाजासकट यूट्यूबवर दिसत होता. दोन्ही गावांची मंडळं बघत बसलेली. कुणीतरी खाली हसणारे चेहरे टाकले. किती? मोजायला मला वेळ होता, हे बघा — पुढची फेरी सुरू होण्याआधी मी ते मोजले. अकरा.

बस. एवढंच झालं होतं. एक बाई तिचं काम करत होती आणि तिने मला माझं काम सांगितलं. याहून मोठा अपमान मी कारखान्यात रोज चार माणसांचा करत असे, तोही चहा पिता पिता. पण मी — ज्याला कूलर लावायचा तरी विचारायचं — त्याला सुनेने चारचौघांत डोकं लावू नका म्हणायचं? असं काही माझ्या मनात आलं का? नाही. इतकं स्पष्ट काही आलं नाही. स्पष्ट आलं असतं तर निदान तो राग ठरला असता. माझ्या मनात फक्त एक घाणेरडी शांतता आली.

तिसऱ्या फेरीत पूल धरून ठेवायचा होता. शेवटचं मिनिट. मृणाल पुलाच्या तोंडाशी उभी होती, जिथे टँकने उभं राहायला हवं तिथेच, इंचभर पुढे नाही, इंचभर मागे नाही. ढाल फुटली होती. समोरून तिघं मारत होते आणि ती पडत नव्हती, कारण माझी दोरी तिच्यावर होती. टँक मागे वळून बघत नाही. त्याला तशी सोय नसते. मागे हिलर आहे हे धरूनच तो उभा असतो. हे मला पूर्ण माहीत होतं.

आणि मी बोट उचललं.

चुकून सुटलं नाही. घामाने घसरलं नाही. उचललं. दोन सेकंद, फार तर तीन. तिची प्राणपट्टी उतरताना बघितली. मी स्वतःच ती ठळक करून घेतली होती, त्यामुळे छान दिसत होती. आणि आता वाचत नाही एवढी खात्री झाल्यावर मी बटण पुन्हा दाबलं. का? यूट्यूबवर बघणाऱ्यांना दोरी दिसावी म्हणून. हे ‘का’ मी सहा वर्षं स्वतःलासुद्धा विचारलं नव्हतं. बोट उचलणं एक वेळ चिडक्या पोराचं काम म्हणता येईल. पुन्हा दाबणं हे पक्क्या माणसाचं काम आहे.

पूल गेला. सामना गेला. मग पराग म्हणाला, ‘भाभी, इतक्या पुढे काहून गेल्या तुम्ही?’

इथे गप्प बसलो असतो तरी माझं भागलं असतं. पण मी बोललो. थकलेल्या, समजूतदार, म्हाताऱ्या आवाजात बोललो. ‘जाऊ दे पराग. तिची चूक नाही. मध्ये भिंत आली, माझी दोरी पोचली नाही.’ तिची चूक नाही, असं म्हणून मी चूक तिच्या गळ्यात घातली. हिलरची दोरी भिंतीपलीकडे जात नाही, हे खेळणारं शेंबडं पोरही जाणतं. भिंतीआड गेला तो टँक मूर्ख. मृणालने हेडफोन काढला आणि खुर्चीतून माझ्याकडे वळली.

‘भिंत, आबा?’

‘हो ना.’

ती विचारात पडली. खरोखर विचारात पडली, माझ्यावर संशय घेऊन नव्हे. आपण नक्की कुठे उभे होतो हे ती आठवत होती.

संध्याकाळी चहाच्या वेळी ती म्हणाली, ‘गेममध्ये रीप्ले राहतो. आपण सगळे मिळून बघू या का? माझं चुकलं असेल तर कळेल तरी.’ तुम्हाला दिसतं का ती काय म्हणत होती? ती स्वतःची चूक शोधायला निघाली होती. यूट्यूबवर सगळं लांबून दिसे, मध्ये भिंत होती की नाही ते त्यात कळत नसे; पण या रीप्लेत कुणाच्याही डोळ्यांनी सामना परत बघता येतो — माझ्याही. मी कप खाली ठेवला. ‘म्हणजे आता या वयात घरात माझी चौकशी बसणार?’ आवाज थोडा कापरा केला. जमतो तो मला. निखिलने लगेच तिला म्हटलं, ‘छोड़ ना यार मृणाल. एक गेम तो है. आबांना काहून त्रास देऊन राहिली?’ तिने लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजचं ऑनलाइन लेक्चर घेत असताना मी एकट्याने रीप्ले पाहिला. माझ्याच डोळ्यांनी. पूल, उघडं आकाश, तिची पाठ. मध्ये काही म्हणजे काही नव्हतं. माझा नेम बरोबर तिच्यावर होता. दोरी बंद होती. इतकं स्वच्छ काम मी नोकरीतही कधी केलं नसेल.

आठ-दहा दिवसांनी मी स्वयंपाकघरात पाणी घ्यायला गेलो. मृणाल मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘आबा, भिंत नव्हती.’ म्हणजे तिनेही पाहिला होता. एकटीने. आणि तरीही ती मला एक जागा ठेवत होती. मी फक्त ‘नव्हती’ म्हटलं असतं तर ते त्या मेथीच्या ढिगापाशीच संपलं असतं. कुणाला कळलंही नसतं.

मी म्हणालो, ‘तुला दिसली नसेल.’

तिने मेथीची पुढची जुडी ओढली. पाणी पिऊन मी बाहेर आलो. त्यानंतर थोड्याच दिवसांत गेमचं नवं अपडेट आलं आणि जुने रीप्ले पुसले गेले. मी रोज बघत होतो, आलं का, आलं का. ते आलं त्या दिवशी मी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

आता सातव्या टिपेकडे येतो. सामन्यानंतर मंडळाने माझी वही स्मरणिकेत छापायला मागितली, तेव्हा मी तिच्यात एक टीप वाढवली. ‘टँक पडला तर हिलरला दोष देण्याआधी टँक भिंतीआड गेला होता का ते पाहा.’ ही टीप लोकांना सर्वांत जास्त आवडली. सहा टिपा अभ्यासाच्या होत्या, त्या कुणी वाचल्या नाहीत. सातवीत दुसऱ्यावर ढकलायची सोय होती, ती सगळ्यांना पाठ झाली. ‘आबांचा नियम’ म्हणतात तिला. रायपूरपासून इंदूरपर्यंतच्या मंडळांतले सगळे आळशी हिलर तिच्या आडोशाला बसले आहेत. आणि मृणालला नाव पडलं — ‘भिंतवाली वहिनी’. हळदीकुंकवाला सुद्धा तिला कुणी ना कुणी चिडवायचं, ‘वहिनी, जरा सांभाळून, पुढे भिंत आहे.’ ती हसायची. मीही हसायचो. तिने गेम काढून टाकला, माउस निखिलला दिला, आणि तेव्हापासून घरात कुणीही मत विचारलं की ‘तुम्ही ठरवा, मला काय कळतं’ म्हणायला लागली. ही बाई पाच जणांना एका श्वासात पाच कामं सांगायची.

यंदा स्पर्धा पुन्हा आहे, समोरासमोर, मंडळाच्या सभागृहात. बैठकीला मी पहिल्या रांगेत होतो. बँकेत नुकत्याच बदलून आलेल्या एका मुलीने विचारलं, ‘मृणालताई खेळतात ना? त्यांना कॅप्टन करू या. मी त्यांचे जुने सामने पाहिलेत, काय भारी खेळतात!’

पराग म्हणाला, ‘कोण, भिंतवाली वहिनी? नको बा. फिर पूल चला जाएगा.’

सभागृह हसलं. माझ्या हातात समोसा होता. मीसुद्धा हसलो — सवयीने, बाकीच्यांबरोबर, तोंडात घास असताना. ती मुलगी गोंधळून माझ्याकडे बघत होती, कारण तिला वाटलं असावं की सासरा तरी बोलेल. मी चटणी मागितली.

घरी येऊन ग्रुपवर ती तीन वाक्यं टाकली. भिंत नव्हती. मृणाल बरोबर जागी होती. मी मुद्दाम उपचार थांबवला. उत्तरं आली — ‘आबा, ग्रेट!’ ‘कितने विनम्र हैं आप.’ ‘सासरा असावा तर असा.’ परागचा फोन आला. ‘क्या आबा, आप भी ना! वहिनीला खूश करायला लिहिलं नं?’ इतका सोपा, इतका स्वस्त चांगुलपणा या लोकांनी माझ्यासाठी तयार ठेवला होता, आणि तो नेसायला मलाही काही अडचण नव्हती. दोन तास तो मी नेसूनही पाहिला. अगदी बसला.

रात्रीच्या जेवणाआधी मृणाल माझ्या खोलीच्या दारात आली. आत आली नाही.

‘ग्रुपवर वाचलं मी,’ ती म्हणाली. ‘निखिलने अजून नाही वाचलेलं. त्याला तुम्ही सांगाल, की तो पण तिथेच वाचेल?’

मुलाला सांगायचं मला सुचलंच नव्हतं. दीडशे माणसांना सांगितलं, शेजारच्या खोलीतल्या एकाला नाही. कारण दीडशे जणांत कुणी प्रश्न विचारत नाही.

मी निखिलला सांगितलं. वर लिहिलं आहे ते सगळं — तीन सेकंद, पुन्हा दाबलेलं बटण, मेथी, अपडेटची वाट बघणं. मला वाटत होतं तो ओरडेल. ओरडला असता तर मी लगेच छातीला हात लावला असता, मी स्वतःला ओळखतो. तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, ‘त्या दिवशी तिला गप्प मी केलं होतं, आबा. तुमच्यासाठी.’ आणि उठून तिच्याकडे गेला. दार लागलं. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही, आणि ते मला माहीत असण्याचं कारणही नाही.

काल त्या बँकेतल्या मुलीने मृणालला फोन केला. कर्णधार व्हा म्हणून. मृणाल तिच्याशी बराच वेळ चांगली बोलली. म्हणाली, सहा वर्षांत गेममधले अर्धे हीरो बदलले, नकाशे बदलले, बोटांत तो वेग राहिलेला नाही, आता नको. ती खोटं बोलत नव्हती. या खेळात सहा वर्षं म्हणजे हात गेलेला असतो. तो मी घेतला.

आज संघाची यादी लागली. कर्णधार पराग. साठीच्या वरच्या जागेवर माझं नाव होतं, हिलर म्हणून. ते मी काढायला लावलं. मृणालचं नाव यादीत नाही.